दाब, धर, सोड

१

ब्रेकची हवा काढाचं काम म्हणजे दोन माणसाचं काम. एक जण गाडीत बसून पेडल दाबते, दुसरा खाल्ती चाकापाशी लोळते. खालचा म्हणते, "दाब." वरचा तीनदा दाबते अन् पाय तसाच रोवते. खालचा म्हणते, "धर." मंग तो निपल, म्हणजे तेलाची बारकी तोटी, उघडते, अन् तेल अन् तेलासंगं हवा सलाईनच्या नळीतून बाटलीत पडते. निपल कसला की म्हणते, "सोड." बस. दाब, धर, सोड. हे तीन शब्द मुरारी वीस वर्षांपासून अड्याळच्या तलावाच्या पाळीखालच्या टिनाच्या शेडात म्हणत आला, अन् वीस वर्षांत वरच्या माणसाले एकदा बी 'बरं केलं' म्हणून म्हणलं नाई. शिव्या तेवढ्या दिल्या.

ढिवराच्या घरचा माणूस, चौथीतून शाळा सोडलेला. बाप तलावात जाळं टाके, हा पाळीखाल्ती पाना चालवे. हाताले तोड नव्हती, तोंडाले लगाम नव्हता.

या वैशाखात त्याच्या शेडात आसगावच्या भूपेंद्रची गाडी आली. धान पिकवणाऱ्या घरचा पोरगा, पण जीव सारा त्या गाडीत. अन् गाडी बी तशीच! दोनच दारं, लांब नाक, वर्ते कापडी टप, बेडकासारखी जमिनीले चिकटून बसलेली. नागपुरात भंगारातून उचलली अन् तीन वर्षं मांगं लागून त्यानं तिले लालभडक केली. जुन्या जमान्यातली रेसची गाडी म्हणे.

"मुरारीकाका, पळते मस्त," भूपेंद्र म्हणाला. "थांबतच नाई. समोरचे ड्रम काढून डिस्क बसवून द्या. सामान आणलं मी. मजुरी काय घ्यान?"

मुरारीनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मजुरी नोको मले. माह्या नीतूचं लगन हाय येत्या सोमवारी. तिची बिदाई या गाडीत करजो. तूच चालवजो, पार साकोलीपर्यंत."

"काका, त्याले काय! बहीण हाय माही."

डब्यातून डिस्क निघाल्या, डिस्कले चिमट्यावानी धरणारे कॅलिपर निघाले, अन् एक इंग्रजी कागद निघाला. भूपेंद्र वाचाले लागला. "काका, डावा कोणता, उजवा कोणता, थे लिहून हाय यात. सांगू का?"

"कागदानं गाडी थांबते का बे?" मुरारीनं कागद ओढला, चुरगाळला, अन् त्याले हाताचं काळं पुसलं.

२

रविवार म्हणजे मांडवाचा दिवस. घरी हिरवा मांडव घालून राहिले होते, साकोलीच्या सोयऱ्यांचे फोन येऊन राहिले होते, अन् मुरारी दुपारी बारा वाजता शेडात गाडीखाल्ती. कॅलिपर बसले, डिस्क चकाकल्या. हवा काढाची तेवढी राहिली. पेडल दाबाले कोणी भेटेना म्हणून त्यानं बायकोलेच बलावलं.

जमुनाबाई आली ती कणकीच्या हातानं. ड्रायव्हरची सीट नव्या रेग्झीनसाठी शिवाले दिली होती, म्हणून मुरारीनं तिथं बादली पालथी टाकली अन् तिले तिच्यावर बसवलं.

"पाहुण्यानं भरलेल्या घरच्या पुऱ्या लाटाच्या सोडून मले कोंबडीवानी बादलीवर बसवलं," ती म्हणाली.

"अंडं नोको देऊ. पेडल दाब."

तिनं दाबलं. दोन-चार फेऱ्या झाल्या. मंग वरून आवाज आला, "अजी, पोकळ लागते हे."

"काय पोकळ?"

"पायाखाल्ती पोकळ लागते. पहिल्या दाबाले निरा खाल्ती जाते, तिसऱ्याले कुठं घट्ट होते. भूपेंद्रच्या बापाच्या जीपचं असं नव्हतं लागलं."

"तुले मी पेडल दाबाले बसवलं का डोस्कं चालवाले?" मुरारी चाकाच्या आडून ओरडला. "वीस वर्षं झाले मले हे काम करून. तुह्या पायाले मेकॅनिकी शिकवली का कोणी? चूप दाब!"

वर मंग काहीतरी खडखडलं, दार आदळलं, अन् चपला फटफट करत पाळीच्या रस्त्यानं गेल्या.

"बसा बोंबलत!" दुरून आवाज आला. "उद्या पोरगी बी चालली. मंग पाहू कोण येते तुमच्या हाकेले!"

मुरारीनं मान बी काढली नाई. तो समोरच्या चाकाच्या खाचेत खांद्यापर्यंत घुसून होता. येईन. नेहमी येते.

३

उन्हानं टीन तापून मधात मधात टाट-टाट वाजे. तलाव आटून अर्धा झाला होता, तिकून गाळाचा वास येई. दूर मांडवात डीजेवाला एकच गाणं सुरू करे अन् बंद करे.

किती वेळ गेला कोण जाणे. मुरारीचा जरा डोळा लागला असंल. जागा झाला तो आवाजानं. कुर्र.

पेडलचा आवाज. त्या गाडीच्या पेडलची जुनी कडी कुरकुरे, थे त्याले आठ दिवसांपासून माहीत.

आली, त्यानं मनात म्हणलं. अंदरून बरं वाटलं, पण तोंडावर कायले आणते. घसा साफ केला.

"दाब."

कुर्र. कुर्र. कुर्र.

"धर."

निपल उघडला. तेल नळीतून सर्रकन आलं.

"सोड."

कुर्र, हळू.

असं काम बायकोनं कधी केलं नव्हतं. ना एक दाब जास्त, ना एक कमी. 'धर' म्हणलं की दगडावानी धरलेलं, 'सोड' म्हणलं की लगेच वर. बोलणं मात्र एक शब्दाचं नाई. रागात हाय, मुरारीनं ठरवलं. राहो. रागात माणूस चांगलं काम करते.

एक गोष्ट त्याले खटकली, पण त्यानं तिच्याकडे ध्यान दिलं नाई. जमुनाबाई पेडल दाबे तेव्हा तिच्या वजनानं गाडीचं नाक जरासं डुले, अन् त्याच्या खांद्याले डिस्क लागे. आता गाडी हालत नव्हती. पेडल तेवढं खाल्ती जाये.

उजवं चाक झालं. डावं झालं. नळीत एक बी बुडबुडा नाई, तेल कसं चहाच्या पाण्यावानी साफ.

"झालं!" मुरारी म्हणाला. "सोड आता. जा घरी, पुऱ्या लाट."

पेडल वर आलं नाई.

त्यानं डिस्क हातानं फिरवून पाहिली. जाम.

"सोड न व!"

डिस्क जाम.

"आता कायचा राग हाय तुहा? सोड म्हणलं तं समजत नाई का? पोरीच्या मांडवाच्या दिवशी बी..."

"कोणाशी भांडून राहिले जी तुमी?"

आवाज मांगून आला. शेडाच्या तोंडापासून.

४

मुरारी खाचेतून मान काढून वळला. जमुनाबाई उन्हात उभी होती. एका हातात चहाची केटली, दुसऱ्या हातात बादली.

"तू... तू उतरली कधी?"

"उतरली कधी म्हणजे? दोन घंटे होऊन राहिले. मांडवात पाणी भरून राहिली होती मी. हे घ्या तुमची बादली. गुस्स्यात उचलून नेली, अन् तिकडे सारे हसले मले."

मुरारीनं बादलीकडे पाहिलं. मंग उठून दाराच्या काचेतून अंदर पाहिलं.

सीटच्या जागी उघडा टीन अन् बोल्टाचे चार भोकं. बसाले काई नाई. कोणी नाई. अन् तिथं पुढे, अंधाऱ्या खाचेत, ब्रेकचं पेडल पार खाल्ती दबून.

अटकलं असंल, त्यानं स्वतःले सांगतलं. जुनी गाडी, जंगलेली कडी. हात घालून त्यानं पेडल वर ओढून पाहिलं. वीस वर्षं लोखंडासंगं काढलेला माणूस. अटकलेलं लोखंड मेलेलं असते, हातात दगडावानी लागते. हे मेलेलं नव्हतं. हे जरासं वर आलं, अन् मंग त्याच्या बोटावर परत दाबलं. हळू, पण ठरवून.

मुरारीनं हात मांगं घेतला.

"काय झालं? तोंड पांढरं पडलं तुमचं," जमुनाबाई म्हणाली.

"काई नाई. चहा ठेव. तू जाय घरी, पाहुणे येऊन राहिले."

ती जागची हालली नाई. "शिवी नाई दिली तुमी या वक्ती. ताप हाय का?"

"जाय व माय," तो म्हणाला, अन् त्याचा आवाज त्यालेच वळखू आला नाई.

ती गेली. दोनदा मांगं वळून पाहात गेली.

५

पळून जाव असं त्याले वाटलं नाई असं नाई. शेडातून बाहीर पडून तो पाळीवर उन्हात उभा राहिला. तिथून त्याच्या घरचा मांडव दिसे. हिरव्या डहाळ्याखाल्ती नीतू कोण्या मावशीच्या हातून मेंदी काढून घेऊन राहिली होती. दोन्ही हात पसरून, जशी पोट्टी लहानपणी उचलून घ्या म्हणून पसरे.

उद्या पाच वाजता ती या गाडीत बसनार. या पाळीवरूनच गाडी उतरनार, अन् या उताराले वळण अशी चीजच नाई, निरा सरळ खाल्ती बाजारात जाते.

मुरारी परत शेडात आला.

बसला तसा आवाज झाला. कुर्र. पेडल वर आलं. तो सुटकेचा श्वास घ्याले गेला, अन् पेडल आपोआप खाल्ती. एकदा. दोनदा. तीनदा. अन् धरलेलं.

त्यानं 'दाब' म्हणलं नव्हतं.

काई सुचेना म्हणून त्यानं निपल उघडला. तेल आलं. बंद केला. पेडल वर. परत तीनदा दाबून धरलं. त्यानं परत उघडला. वीस वर्षं तो खालून हुकूम सोडत आला होता. आता हुकूम वरून येऊन राहिला होता, अन् तो, कोणाच्या बापाचं न ऐकणारा मुरारी, चूपचाप पाना फिरवून राहिला होता. पाच वेळा. आठ वेळा. तेल नळीतून सुटून बोटावर सांडे. तेल साफच. हवा नाई. मंग काय पाहिजे हाय तुले?

"काय चुकलं?" तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कोणाले हे विचारलं असंल.

पेडल दाबलेलंच.

तो पाठीवर लोळून गाडीखाल्ती सरकला. ड्रायव्हरच्या पायाखालचा टीन जंगून तिथं हातभर लांब भोक पडलं होतं. त्याले पत्रा माराचा होता, राहून गेला होता. त्या भोकाच्या खाल्ती त्याचं तोंड आलं, अन् त्यानं वर पाहिलं.

टाच होती.

उघडी टाच, पेडलपाशी रोवलेली. पांढरीफटक, सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात उभं राहिल्यावर होते तशी. भेगा खोल, अन् भेगांत काळा गाळ. त्याच्या वर त्याले दिसलं नाई. त्यानं पाहिलंच नाई. ढिवराच्या घरातले पाय सारे असेच असतात; त्याच्या बापाचे असे होते, आज्याचे असे होते, मोहल्ल्यातल्या अर्ध्या लोकांचे आजबी असेच हायेत. कोणाची टाच हाय थे तिच्यावर लिहून नव्हतं.

टाचेवरून एक थेंब सुटला अन् त्याच्या गालावर पडला. थंडगार. वैशाखातल्या दुपारी, तापलेल्या टिनाखाल्ती.

त्यानं डोळे गच्च मिटले. गालावरून तो थेंब कानाकडे ओघळला, तलावाच्या गाळाचा वास आला, अन् त्या वासासंगं, कायले कोण जाणे, त्याले बापासंगं डोंग्यात बसलेला सहा वर्षांचा मुरारी आठवला. बाप पाण्यावर बोट दाखवून म्हणे, बुडबुडा पाहा. मासा गाळात खाल्ती बसते, पण त्याची हवा कुठं जाते? वर. हवा कधी खाल्ती जात नाई, लेका.

मुरारीनं डोळे उघडले. भोकाकडे पाहिलं नाई. मान वळवून कॅलिपरकडे पाहिलं.

निपल खाल्ती होता.

दोन्ही चाकांचे निपल खाल्ती, जमिनीकडे तोंड करून. त्यानं डावा कॅलिपर उजवीकडे अन् उजवा डावीकडे लावला होता. खालून नुसतं तेल येऊन राहिलं होतं. हवा सारी कॅलिपरच्या डोक्यावर फुगून बसली होती. बंद खोलीत चोर बसते तशी. म्हणूनच पेडल तीनदा दाबल्यावर घट्ट होये. पण उतारावर गाडी तीनदा दाबाची वाट पाहात नाई.

"पोकळ," तो म्हणाला. "पोकळच होतं थे."

६

त्यानं दोन्ही कॅलिपर काढले. अदलाबदल केले. तळहाताची साल निघाली, तरी पाना टाकला नाई. निपल आता वर आले, आभाळाकडे पाहून. बाटलीत नवीन तेल घातलं. मंग खाचेत बसला अन् वर न पाहता बोलला.

"दाबा."

त्याचं त्यालेच समजलं की त्यानं 'दाब' म्हणलं नाई.

कुर्र. कुर्र. कुर्र.

"धरा."

निपल उघडला, अन् नळीत बुडबुडे सुटले. एक, दोन, मंग रांगच. मोठाले, चपटे, चांदीवानी. मुरारी लहान पोराले मासा घावल्यावानी त्या नळीकडे पाहात राहिला. त्याची पोरगी, तिचा होणारा नवरा प्रविण, भूपेंद्र, सारे त्या एकेका बुडबुड्यात बसलेले होते, अन् एकेक करून बाहीर येऊन राहिले होते.

शेवटी दोन्ही चाकांची नळी साफ झाली. तो 'सोडा' म्हणनार, तोच पेडल आपोआप वर गेलं, अन् नंतर काई आवाज आला नाई.

त्यानं एकट्यानंच हात घालून पेडल दाबून पाहिलं. पहिल्याच दाबाले घट्ट.

त्याले काहीतरी म्हणाचं होतं. शब्दच होता, पण वीस वर्षं वापरला नव्हता म्हणून जंगला होता. निघाला नाई. त्यानं चहा पिला, थंडगार झालेला, अन् घरी गेला. घरी जमुनाबाई पुऱ्या तळून राहिली होती. त्यानं तिच्यापाशी पोळपाट घेतला अन् लाटाले बसला. बायाइनं तोंडाले पदर लावले.

"तुह्या पायाले समजलं होतं," तो खाल्ती मान घालून म्हणाला. "माह्या डोस्क्याले नाई समजलं."

जमुनाबाईनं झारा कढईत सोडून त्याच्या कपाळाले हात लावून पाहिला.

७

सोमवारी पाच वाजता बिदाई निघाली. लाल गाडी झेंडूनं मढवली होती, नीतू रडून रडून लाल झाली होती, प्रविण तिच्यापाशी दाटून बसला होता. गाडी पाळीवर आली अन् उताराले लागली. आपल्याकडे रिवाज हाय, नवरीवरून ओवाळून चिल्लर फेकतात. कोण्या हौशी मामानं मूठभर चिल्लर फेकली ती गाडीच्या मांगं नाई, पुढे. अन् मोहल्ल्यातले सात-आठ पोट्टे त्या चिल्लरवर तुटून पडले, बरोब्बर उताराच्या मधात, गाडीच्या नाकाखाल्ती.

बायाइनं किंकाळी फोडली. मुरारीनं डोळे मिटले नाई. त्याले पाहाचं होतं.

गाडीचं नाक जमिनीकडे वाकलं अन् ती थांबली. कुई केलं नाई, सरकली नाई. खुंटा गाडावा तशी थांबली. समोरच्या पोट्ट्यानं चाकापाशी पडलेला रुपया उचलला, गाडीकडे पाहून दात काढले, अन् पळाला.

८

बुधवारी भूपेंद्र गाडी घेऊन आला. चाकाचे नट एकदा पाहून घ्याचे होते.

"नीतू बरी पोचली ना?" मुरारीनं विचारलं, जरी सकाळीच फोनवर बोलला होता.

"मजेत हाय काका." भूपेंद्रनं इकडे तिकडे पाहिलं. आवाज खाल्ती आणला. "काका, एक सांगू? हसू नोका. त्या उतारावर, पोट्टे धावले न, तेव्हा मी पाय उचलला पेडलवर ठेवाले. पण पेडल..."

"काय पेडल?"

"पेडल आधीच खाल्ती होतं. मी दाबाच्या आधीच."

मुरारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाय, टपरीवर चहा पी. मी पाहातो."

भूपेंद्र गेल्यावर मुरारी दारापाशी उकिडवा बसला. सीट आता होती, नवी लाल रेग्झीन, अन् रिकामी. गाडी बंद होती. पेडल दबलेलं होतं.

भीती होती. ती गेली नव्हती, ती आता कधी जानार बी नव्हती. पण तिच्यावर दुसरं काहीतरी चढून बसलं होतं, थे जास्त जड होतं. त्यानं दोन्ही हात जोडले. कोणाले, थे त्याले माहीत नव्हतं, अन् त्यानं विचारलं बी नाई.

"लय बरं केलं जी," तो म्हणाला. या वक्ती शब्द निघाला. "पोचली माही पोरगी. सोडा आता. दमले असान."

कुर्र. पेडल वर आलं, सावकाश, जसं कोणी म्हातारं माणूस पाय उचलते.

बाहीर टीन टाट-टाट वाजे. मंग त्याच्या पाठीमांगून, शेडाच्या कोपऱ्यातून, जिथं भाजीवाल्याची जुनी जीप तीन दिवसांपासून ब्रेकसाठी उभी होती, तिथून आवाज आला.

कुर्र. कुर्र. कुर्र.

अन् धरलेलं.

मुरारीनं पाना उचलला. कोपऱ्यातली बादली घेतली अन् जीपजवळ, दारापाशी, कोणाले बसाले म्हणून पालथी ठेवून दिली.

"आलो जी," तो म्हणाला.